कुलवृत्तांतासाठी जुने फोटो स्कॅन करून वेबवर लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुलवृत्तांताची छापील आवृत्ती संपली आणि नवी थेट वेबवर करायची ठरली, तेव्हा फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलं. योग्यता एवढीच, की बैठकीला आलेल्यांपैकी स्कॅनर फक्त माझ्या घरी होता. तेव्हापासून पुण्यातून, कोकणातून आणि आता अमेरिकेतूनही तेच तेच प्रश्न येताहेत. एकच उत्तर अकराव्यांदा देताना माझा आवाज चढतो आणि समोरच्या काकूंचा काही दोष नसतो. म्हणून सगळं इथे लिहून ठेवते. आधी हे वाचा, मग फोन करा.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल ना?

नेहमीसारखा पाठवलात तर नाही. व्हॉट्सॲप फोटो लहान करून, दाबून पुढे सरकवतं. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर आजोबांच्या चष्म्याची काडी गायब झालेली असते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. फाइल मोठी असेल तर ड्राइव्हवर चढवून लिंक द्या. पुण्यात राहत असाल तर फोटोच घेऊन या. चहा होईपर्यंत स्कॅन करून हातात परत देते.

आमच्याकडे स्कॅनर नाही. मोबाइलने काढला तर?

चालेल, पण नीट काढा. फोटो खिडकीजवळ टेबलावर सपाट ठेवा. उजेड भरपूर हवा, पण ऊन थेट फोटोवर नको. फ्लॅश बंद. मोबाइल फोटोला समांतर धरा. चारही कडा सरळ दिसल्या नाहीत तर पुन्हा काढा. अगदी जवळ जाऊ नका, थोडं वर धरून दुप्पट झूम करा, म्हणजे कडेची माणसं फुगत नाहीत. चकचकीत फोटोवर उजेडाचा पट्टा येत असेल तर गूगलचं फोटोस्कॅन हे ॲप चार-पाच बाजूंनी टिपून तो पट्टा काढून टाकतं.

भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो काढताना काचेत तुम्हीच दिसता. अंगावर काळी शाल घ्या किंवा मोबाइलसमोर काळं कापड धरून त्यातल्या भोकातून काढा. आणि कृपा करून आधी चंदनाचा हार उतरवून ठेवा. तीन घरांतून पणजोबांऐवजी हारांचेच उत्तम फोटो आले आहेत.

किती डीपीआयला स्कॅन करायचं?

फोटो कागदावर केवढा आहे यावर ते ठरतं. डीपीआय म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपणार. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे चार बाय सहा इंचाचा फोटो ३०० ला स्कॅन केला तर १२०० बाय १८०० पिक्सेल मिळतात. ६०० ला केला तर २४०० बाय ३६००. वेबपुरतं ३०० पुरतं, तरी मी ६०० च सांगते. तो फोटो पुन्हा कपाटातून कधी निघेल आणि निघेल तेव्हा कुठल्या अवस्थेत असेल, कोणी सांगावं? स्कॅन एकदाच करायचं, पण चांगलं करायचं. वेबसाठी लहान प्रत त्यातून केव्हाही काढता येते. लहानातून मोठी काढता येत नाही.

छोट्या फोटोंना जास्त लागतं. आग्फा क्लिक थ्री या डबा कॅमेऱ्याने काढलेले चौकोनी फोटो बऱ्याच घरांत आहेत. १२० च्या रोलवर बारा फोटो यायचे, आणि पुष्कळांनी ते मोठे न करता निगेटिव्हच्याच आकारात, सव्वादोन इंचाचे, छापून घेतले. ते १२०० ला स्कॅन करा. ओळखपत्रावरचे इंच-दीड इंचाचे चेहरेही १२०० ला. त्याच्या वर जाण्यात मात्र अर्थ नाही. कागदाचा पोतच मोठा दिसतो, माणूस काही जास्त स्पष्ट होत नाही.

३५ मिमीची निगेटिव्ह असेल तर तिची चौकट जेमतेम २४ बाय ३६ मिमी असते. तिथे २४०० ते ४००० हवेत आणि फिल्मसाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर हवा. निगेटिव्ह सापडली तर छापील फोटोपेक्षा आधी तीच द्या, तिच्यात जास्त तपशील असतो. धूळ आपोआप काढण्याची इन्फ्रारेडची सोय रंगीत फिल्मवर छान चालते. कृष्णधवल फिल्मवर ती बंद ठेवा, कारण तिच्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि यंत्राला चित्रच धूळ वाटतं.

पण वेबसाठी ७२ डीपीआय लागतात असं मुलगा म्हणतो.

हा गैरसमज तुमच्या मुलाचा एकट्याचा नाही. माझ्या संगणकाच्या क्लासमध्येही तेच शिकवलं होतं. ब्राउझर फाइलमध्ये लिहिलेला डीपीआयचा आकडा बघतच नाही, तो फक्त पिक्सेल मोजतो. १६०० पिक्सेल रुंद फोटोवर ७२ लिहा नाहीतर ३००, पडद्यावर तो तंतोतंत सारखाच दिसतो. तो आकडा छपाईसाठी आहे, कागदावर फोटो किती इंचाचा यावा हे सांगायला.

गोंधळ पुढे होतो. कोणीतरी '७२ हवेत' म्हणून स्कॅनरलाच ७२ सांगतं, आणि चार बाय सहाचा फोटो २८८ बाय ४३२ पिक्सेलचा होऊन येतो. माझ्या मावसभावाने एका दुकानातून अख्खा अल्बम असा स्कॅन करून आणला, दोनशेच्या वर फोटो. दुकानदाराने सीडी दिली, वर 'वेब क्वालिटी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मुंजीच्या पंगतीच्या फोटोत माणसं कळतात, कोण ते कळत नाही. मूळ अल्बम तोपर्यंत बंगळुरूला गेला होता.

स्कॅनरमध्ये कोणती सेटिंग ठेवायची?

आपोआप सुधारणा करणारी सगळी बटणं बंद. रंग सुधारणं, शार्पन, धूळ काढणं, सगळंच; रंगीत फिल्मवरचं इन्फ्रारेड तेवढं सोडून. ते नंतर करता येतं, पण स्कॅनरने एकदा जाळून टाकलेला तपशील परत येत नाही. सोय असेल तर ४८ बिट रंग निवडा, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी ६५,५३६ छटा टिपल्या जातात. फिकट फोटो पुढे ताणायचा असेल तेव्हा त्या उपयोगी पडतात. फाइल टिफमध्ये ठेवा, म्हणजे तपशील न गाळता साठवणाऱ्या प्रकारात. ६०० डीपीआयचा चार बाय सहाचा फोटो साध्या २४ बिटमध्ये सुमारे २५ एमबीचा होतो, ४८ बिटमध्ये दुप्पट. घाबरू नका, ही फाइल वेबवर जायची नाही.

कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत म्हणूनच स्कॅन करा. लोकांना हे पटत नाही. कारण सांगते. जुन्या फोटोवरचे चहासारखे पिवळे-तपकिरी डाग निळा प्रकाश खातात, लाल फारसा खात नाहीत. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे करून पाहा. निळ्या थरात डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल थरात बरेचदा जवळजवळ नाहीसा होतो. मग लाल थर तेवढा ठेवायचा, अर्धं काम फुकटात झालं. ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या काळ्या-पांढऱ्या छटांत, स्कॅन करून आणलंत तर ही वाट बंद.

काच पुसायला काय वापरू?

मऊ कोरडं मायक्रोफायबर कापड. काचेवर थेट काही फवारू नका, ओल आत झिरपते. फोटोवरची धूळ रबरी फुग्याने फुंकून काढा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. फोटोचं पाठचं लिखाण किंवा छपाई उमटत असेल तर पाठीला काळा कागद लावा.

फोटो अल्बमला किंवा काचेला चिकटला आहे.

ओढू नका. काचेला चिकटलेला फोटो म्हणजे त्याचा जिलेटिनचा थर काचेला चिकटलेला असतो. ओढलात तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट स्कॅन करा. प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याखाली चिकट पानावर बसवायचे ते अल्बमही दुष्टच, त्यांचा गोंद पिवळा पडतो. पान अख्खं स्कॅन करा. कोपरा सुटा असेल तर दात साफ करायचा दोरा फोटोखालून हलकेच करवतीसारखा फिरवून बघा, अडला की थांबा. हे काम पावसाळ्यात काढू नका. पुण्याच्या आषाढ-श्रावणातल्या हवेत जिलेटिन ओल धरतं, फोटो गोल वळतो आणि स्कॅनरच्या काचेलाही चिकटू शकतो. दिवाळीनंतर करा.

पुरात भिजलेल्या फोटोचे डाग काढून द्याल का?

नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्या प्रत्येक घराचा हा प्रश्न. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्यात कपाटंच्या कपाटं गेली. जे फोटो वाचले ते चिखलातून उचलून दोरीवर वाळत घातलेले.

आपल्या नारायण पेठेतल्या शाखेकडून एका लग्नाचा फोटो आला. वाड्याच्या चौकात तीन रांगा, पुढे मुलं मांडी घालून बसलेली, मध्ये मुंडावळ्या बांधलेली जोडी. मधल्या रांगेच्या गुडघ्यांवरून डावीकडून उजवीकडे एक तपकिरी लाट गेली आहे. तिच्याखाली थर सुजून फाटलाय, मुलांपैकी दोघांचे चेहरे नाहीत. त्यांच्या नातीचं म्हणणं, हे सगळं स्वच्छ करून द्या, मुलांचे चेहरे दुसऱ्या फोटोतून आणून बसवा. मी वरच्या भागातले बुरशीचे ठिपके काढले, फिकेपणा सुधारला, आणि लाट ठेवली. चेहरे बसवले नाहीत. खाली ओळ लिहिली: 'फोटोवरची खूण १९६१ च्या पुराच्या पाण्याची.' नातीला आधी राग आला. मग तिच्या आईने फोटो पाहिला आणि ती लाटेवर बोट ठेवून त्या रात्री कोण कोणाच्या माडीवर झोपायला गेलं ते सांगत बसली. त्यातली दोन नावं वंशावळीत चुकीच्या घरात पडली होती, ती तेव्हा दुरुस्त झाली.

तर माझा नियम असा: धूळ, केस, स्कॅनरचे ओरखडे, बुरशीचे ठिपके काढते. घडी, फाटलेला कोपरा, पाठून उमटलेली शाई कधी काढते, कधी ठेवते. जे फोटोत नाही ते घालत नाही.

ऐंशीच्या सुमाराचे रंगीत फोटो लालसर झालेत.

त्या काळातल्या बऱ्याच रंगीत कागदांवरचा निळसर रंग, छपाईवाल्यांच्या भाषेत सायन, अंधारात ठेवला तरी उडतो. उरतात लाल आणि पिवळा. म्हणून सगळे हळदीच्या दिवशीसारखे दिसतात. लेव्हल्समध्ये, म्हणजे फोटोचा उजेड-काळोख ताणायच्या सोयीत, तिन्ही रंगांचे थर वेगवेगळे ताणले की रंग बऱ्यापैकी परत येतात. फोटोत नक्की पांढरं असलेलं काहीतरी शोधा, धोतर किंवा टोपी, आणि ते पांढरं येईपर्यंत ताणा. पण त्यापुढे नको. धोतर जास्त उजळलं की निऱ्या नाहीशा होतात आणि कमरेखाली नुसता पांढरा ठोकळा उरतो. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेड-काळोखाच्या आलेखाचा, डोंगर उजव्या भिंतीला टेकला म्हणजे निऱ्या गेल्या.

पोताच्या कागदावरचे ठिपके?

मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उठाव असलेला कागद एके काळी फार चालायचा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्याने प्रत्येक उंचवट्याची सावली येते. एकदा सरळ आणि एकदा उलटा, असा दोनदा स्कॅन करा, दुसरा फिरवून पहिल्यावर बेतून ठेवा आणि अपारदर्शकता निम्मी करा. सावल्या बऱ्याच एकमेकींना खातात. वेळखाऊ आहे, खास फोटोंनाच करा.

वर्तमानपत्रातल्या कात्रणाचं दुखणं वेगळं. ते छपाईच्या ठिपक्यांचं असतं आणि लहान केलं की लाटा उठतात. स्कॅनरमधलं 'डीस्क्रीन' तेवढ्यापुरतं चालू करा. कागदासाठी आपोआप सुधारणेतला हा एकच अपवाद.

एआय वापरून फोटो रंगीत करून लावू का?

घरात लावा, वाढदिवसाला द्या. कुलवृत्तांतात नको. रंग ते यंत्र अंदाजाने भरतं. माझ्या आजीचं नऊवारी लुगडं एका ॲपने निळं केलं. ते डाळिंबी होतं, त्याचा तुकडा अजून गोधडीत आहे. चेहरा 'स्पष्ट' करणारी ॲप तर जास्त धोक्याची. ती नवे डोळे, नव्या भुवया घालतात, आणि मग आत्या म्हणते, 'छान आहे गं, पण हा आपला दादा नाही.'

यातच एक येऊन जाणारा प्रश्न: पणजीचं कुंकू काळं का दिसतं? जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, म्हणून लाल ते सगळं काळं. बुक्का नाही, कुंकूच आहे. तसंच राहू द्या.

मग वेबवर नक्की काय चढवायचं?

इथे जरा लक्ष द्या. मूळ टिफला हात लावायचा नाही, तिची प्रत घ्यायची. गिम्प फुकट आहे आणि याला पुरतं. ढीगभर फोटो एकदम लहान करायचे असतील तर घरगुती वापराला इरफानव्ह्यूही फुकट आहे.

आधी फोटो सरळ करा. फिरवणं एकदाच आणि एका फटक्यात, कारण प्रत्येक वेळी थोडा धूसर होतो. मग क्रॉप. नक्षीदार कातरलेली कड असेल तर ती ठेवा. स्टुडिओचं नाव खाली कोरलेलं असेल तर तेही. मग लेव्हल्स. मग रंग एसआरजीबीमध्ये बदला. ही रंग मांडायची १९९६ ची एचपी आणि मायक्रोसॉफ्टची पद्धत, आणि वेब अजून तीच धरून चालतं. अॅडोब आरजीबी या दुसऱ्या पद्धतीत राहिलेला फोटो काही पडद्यांवर आजारी दिसतो. आणि आता लहान करा: लांब बाजू १६०० पिक्सेल. आपल्या पानावर फोटोला ८०० पिक्सेलची जागा आहे, पण हल्लीच्या मोबाइलचे पडदे दाट असतात, ते त्या जागेत दुप्पट पिक्सेल मागतात.

लहान केल्यावर शार्पन, आधी नाही. लहान करताना प्रत्येक फोटो जरा मऊ पडतो, ते भरून काढायचं एवढंच. अनशार्प मास्क या शार्पन करायच्या साधनात रेडियस अर्ध्या पिक्सेलच्या आसपास ठेवा आणि शंभर टक्के मोठा करून मिशीकडे बघा. केस वेगळे दिसले की पुरे. काळ्या टोपीभोवती पांढरी किनार दिसायला लागली तर मागे या.

शेवटी जेपेग, क्वालिटी ८०. फाइल साधारण २०० ते ४०० केबीची होते. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातला बारकावा दाबतं. क्वालिटी ४० ला नेलीत की काठापदराजवळ मुंग्या दिसतात. उघडून, खोडून, पुन्हा जेपेगमध्येच सेव्ह केलं की दर वेळी थोडं जातं, म्हणून दुरुस्ती नेहमी टिफवर. वेबपी या नव्या प्रकारात फाइल आणखी लहान होते आणि आताचे ब्राउझर ती दाखवतात, ते रूपांतर मी इकडे करते. पीएनजी वंशावळीच्या आकृत्यांसाठी ठीक. फोटोला वापरलंत तर उगाच चौपट वजन.

फाइलला नाव काय देऊ?

'आयएमजी ००४७' नको आणि 'आजोबा फायनल फायनल २' तर नकोच. आजोबा कोणाचे? वर्ष, गाव, प्रसंग, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ. देवनागरी नाव चालतं, पण लिंक पाठवली की त्याचं टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेलं लांबलचक शेपूट होतं.

नावापेक्षा महत्त्वाची पाठ. फोटोची पाठही स्कॅन करा, कोरी वाटली तरी. पेन्सिलीचं लिखाण तिरप्या उजेडात दिसतं, स्टुडिओचा शिक्का असतो, कधी मोडीत दोन ओळी असतात. तारीख बहुतेक शकात असते. शकात ७८ मिळवा, पण इंग्रजी नवं वर्ष लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. म्हणजे वैशाख शके १८७२ हे १९५० आणि माघ शके १८७२ हे १९५१. या एका वर्षाच्या घोळापायी आपल्या वंशावळीत एक मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्माला आलं होतं.

फोटोखालचं वर्णन मराठीत आणि डावीकडून उजवीकडे: कोण बसलंय, कोण उभं. माहेरचं नावही लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल हे वर्णन वाचून दाखवतो, तेव्हा 'जुना फोटो' एवढंच लिहून सुटका करून घेऊ नका. आणि फाइलच्या आतली तारीख स्कॅन केल्याची असते. तिच्यावर विसंबलात तर पणजोबा २०२४ साली पगडी घालून बसलेले दिसतात.

स्टुडिओने काढलेला फोटो लावला तर कायद्याची अडचण?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे लग्नाचे, मुंजीचे फोटो बहुतेक घरचेच. वर्तमानपत्रातले किंवा दुसऱ्या कुणी स्वतःहून काढलेले तसे नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं चालतो. जुन्या बाजारात रविवारी विकत घेतलेला फोटो कागद म्हणून तुमचा झाला, हक्क म्हणून नाही. आणि कायदा काहीही म्हणो, हयात माणसाचा फोटो विचारल्याशिवाय लावत नाही. टोपड्यातले फोटो तर मुळीच नाही. एका साठीच्या काकांनी त्यावरून मला चांगलंच ऐकवलंय.

फोटो कोणी उतरवून घेऊ नये असं करता येईल का?

नाही. जे पडद्यावर दिसतं ते घेता येतं. चेहऱ्यावरून आडवं नाव छापलं तर आपल्यालाच दिसत नाही. म्हणूनच वेबवर १६०० ची प्रत आहे आणि मूळ टिफ नाही.

स्कॅन झालं, आता मूळ फोटो ठेवायचा कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो फोटो टाकण्याआधी माझ्याकडे आणून द्यावा. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून, वर पेन्सिलीने नाव लिहून ठेवते. टिफच्या तीन प्रती आहेत, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर. एक डिस्क माझ्या घरी नाही, बहिणीकडे कोथरूडला आहे. माझं घर नदीपासून दोन गल्ल्यांवर आहे.